सूर्य किती वॅटचा? ताटलीभर पाण्यातून निघणारं उत्तर

एप्रिल उजाडला की भुसावळ आणि जळगावचे आकडे रोज बातम्यांत येतात. पारा पंचेचाळीसवर गेला, की अख्खा खान्देश त्याच एका आकड्याबद्दल बोलू लागतो. पण हा आकडा उन्हाचा नाही. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, सावलीत टांगलेला असतो. तो हवा किती तापली ते सांगतो. आकाशातून खाली किती ऊर्जा ओतली जातेय, हे त्याला ठाऊकच नसतं. डिसेंबरातल्या स्वच्छ दुपारी हवा अठ्ठावीस अंशांवर असते, तरी एखादी पाटी तिरपी करून सूर्याला समोरासमोर धरली तर तिच्यावरचं ऊन मे महिन्याच्या तोडीचं भरतं. धूळ नसेल तर थोडं जास्तच.

तेव्हा ऊन मोजायचं असेल तर वेगळं मोजमाप हवं. ते मिळालं, की त्यातूनच पुढे सूर्य एकूण किती वॅटचा आहे इथपर्यंत पोचता येतं. त्यासाठी वेधशाळा लागत नाही. दोन ताटल्या, माठातलं पाणी, काळी शाई, एक तापमापक आणि घराचं धाबं किंवा गच्ची एवढं पुरतं. हा हिशोब शाळेतल्या प्रत्येक मुलानं एकदा तरी स्वतःच्या हातानं करावा, असं मला मनापासून वाटतं. विज्ञानात इतक्या कमी सामानातून इतकं मोठं उत्तर क्वचितच मिळतं.

सुरुवात पाण्यापासून. एक ग्रॅम पाणी एक अंशानं तापवायला सुमारे ४.२ जूल ऊर्जा लागते, आणि दर सेकंदाला एक जूल म्हणजे एक वॅट. आता उभ्या काठाच्या ताटलीत दोन सेंटिमीटर खोल पाणी घ्या. तिच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरखाली बरोबर दोन ग्रॅम पाणी असतं. ताटली लहान असो की मोठी, या दोन ग्रॅममध्ये फरक पडत नाही. मोठ्या ताटलीवर ऊन जास्त पडतं, पण पाणीही तेवढ्याच पटीनं जास्त असतं. म्हणजे खोली ठाऊक असली आणि पाणी मिनिटाला किती अंश चढतं ते कळलं, की उन्हाचं बळ कळलं. या युक्तीचं सौंदर्य मला इथेच दिसतं. क्षेत्रफळ आपोआप हिशोबाबाहेर पडतं.

हीच कल्पना क्लोद पुइये या फ्रेंच शास्त्रज्ञानं वापरली आणि १८३८ मध्ये आपलं मोजमाप प्रसिद्ध केलं. त्याच्याकडे काळं केलेलं चपटं भांडं होतं, आत पाणी आणि तापमापक. ते तो आळीपाळीनं सावलीत आणि उन्हात धरायचा. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत केप इथे मुक्कामाला असलेले इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनीही पाणी तापवूनच उन्हाचं बळ मोजलं. वीज घरात यायला अजून अर्धं शतक होतं, तरी हे काम झालं.

आता प्रत्यक्ष कृती. पारदर्शक पाण्यातून उजेड तळापर्यंत जातो आणि चकचकीत स्टीलवरून परत फिरतो. म्हणून पाण्यात काळी शाई इतकी घालायची की तळ दिसेनासा व्हावा. ताटलीखाली आणि कडेनं टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातलं थर्मोकोल लावायचं, नाहीतर तापलेलं धाबंच पाण्याला खालून ऊब देईल. पाणी काठापर्यंत भरायचं, म्हणजे काठाची सावली पाण्यावर पडणार नाही. खोली पट्टीनं मोजण्यापेक्षा पाणी वजन करून घेतलेलं बरं. ग्रॅममधलं वजन भागिले ताटलीचं क्षेत्रफळ, ही खोली जास्त खरी निघते.

तापमापकाबद्दल एक सूचना. तापाचा तापमापक इथे कामाचा नाही. त्याची धाव लहान असते आणि पारा एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतला शंभर अंशांपर्यंतचा चालतो. दशांश अंश दाखवणारा डिजिटल मिळाला तर उत्तम, कारण संध्याकाळच्या मोजणीत दशांशाचीच गरज पडते. वाचन घेण्याआधी पाणी हलकेच ढवळायचं. वरचा थर आधी तापतो आणि तळ मागे राहतो.

सगळ्यात मोठा चोर म्हणजे बाष्पीभवन. खान्देशच्या मे महिन्यातली कोरडी हवा पाणी कशी ओढून घेते, ते माठाला विचारा. एक ग्रॅम पाणी उडून जाताना सुमारे २,४०० जूल घेऊन जातं. ताटलीत दोनशे ग्रॅम पाणी असेल आणि त्यातलं फक्त एक ग्रॅम उडालं, तर उरलेलं पाणी जवळजवळ तीन अंशांनी थंड होतं. दहा मिनिटांत पाणी सहा-सात अंश चढणार असेल, तर ही चोरी निम्म्या उत्तराएवढी झाली. म्हणून पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटेल असं पातळ पारदर्शक प्लॅस्टिक वर पसरायचं, डबे झाकायला वापरतात तसलं. ते उजेडाचा सुमारे विसावा हिस्सा अडवतं. तो हिशोबात परत जोडता येतो. उडालेल्या पाण्याचा हिशोब मात्र नंतर कुणालाच लावता येत नाही.

दुसरा गोंधळ गरम हवेचा. बेचाळीस अंशांची हवा पाण्याला सूर्याशिवायही तापवते, आणि आकाशाचा विखुरलेला निळसर उजेडही थोडी भर घालतो. यासाठीच दुसरी ताटली. तीही तशीच, तेवढंच पाणी, तीच शाई, तेच झाकण, पहिलीच्या शेजारी. फक्त तिच्यावर काठीच्या टोकाला बांधलेलं एक लहान झाकण असं धरायचं, की सूर्याचं बिंब तेवढं झाकलं जाईल आणि बाकी सगळं आकाश उघडं राहील. छत्री धरू नका, ती अर्धं आकाश खाते. आता दोन्ही ताटल्यांना हवा सारखी, आकाश सारखं, धाबं सारखं. त्यांच्यातला फरक म्हणजे थेट सूर्याचा उजेड, दुसरं काही नाही. पाण्याची सुरुवात हवेपेक्षा दोन-तीन अंश थंड असताना करावी. म्हणजे आधी हवेकडून मिळालेली ऊब आणि नंतर हवेला गेलेली ऊब बऱ्याच अंशी एकमेकींना खोडून काढतात. माठातलं पाणी आणि नळाचं तापलेलं पाणी मिसळून हे सहज जमतं.

समजा, दहा मिनिटांत उन्हातलं पाणी ६.६ अंश चढलं आणि झाकलेलं १.४ अंश. फरक ५.२ अंश. दोन ग्रॅम गुणिले ४.२ गुणिले ५.२ म्हणजे सुमारे ४३.७ जूल. ते सहाशे सेकंदांत मिळाले, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ०.०७३ वॅट. चौरस मीटरमध्ये असे दहा हजार तुकडे असतात, म्हणून ७३० वॅट. ताटलीचं स्टीलही तापतं. शंभर ग्रॅम स्टील साधारण बारा ग्रॅम पाण्याइतकी उष्णता घेतं, म्हणून पाणी दोनशे ग्रॅम असेल तर सहा टक्के वाढवायचे. प्लॅस्टिकनं अडवलेले पाच टक्केही जोडले की उत्तर ८१० वॅटच्या आसपास येतं. घरच्या छताच्या प्रत्येक चौरस मीटरवर दुपारी एवढी शक्ती थेट सूर्याकडून येत असते. बिबडे आणि कुरडया एका दिवसात कडक वाळतात त्या याच्याच बळावर.

इथे खान्देशला एक खास सवलत आहे. पाणी तिरपं ठेवता येत नाही, ते आडवंच राहणार. सूर्य डोक्यावर नसेल तर किरण आडव्या पाण्यावर तिरके पडतात आणि तेवढाच उजेड जास्त जागेत पसरतो. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून पंचेचाळीस-शेहेचाळीस अंशांवरच असतो, आणि आडव्या ताटलीला सत्तर टक्क्यांच्या आसपासच मिळतं. पण जळगाव, धुळे, भुसावळ ही गावं २१ अक्षांशाच्या अगदी जवळ आहेत, आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य बरोबर तिथेच, नेमका माथ्यावर येतो. जमिनीत रोवलेल्या सरळ काठीची सावली त्या दिवशी नाहीशी होते. तेव्हा आडवं पाणी आपोआप सूर्याला काटकोनात असतं, काही दुरुस्ती करावी लागत नाही. ही संधी जुलैच्या मध्यानंतर पुन्हा येते, पण तेव्हा ढगांचं राज्य असतं. वेळ मात्र घड्याळातले बारा नव्हे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ रेखांशाची आणि आपण तिच्या बरेच पश्चिमेला, म्हणून जळगावला सूर्य माथ्यावर येतो तो बारा पंचवीसच्या सुमारास, नंदुरबारला साडेबाराला.

हे ८१० वॅट सूर्यानं पाठवलेले सगळे नाहीत. वाटेत हवेनं, वाफेनं आणि धुळीनं आपला वाटा काढून घेतलेला आहे. हवेबाहेर न जाता तो वाटा कसा शोधायचा? यासाठी त्याच दिवशी दुसरी मोजणी करायची, सूर्य क्षितिजापासून तीस अंशांवर असताना. एक मीटर काठीची सावली एक मीटर त्र्याहत्तर सेंटिमीटर झाली, की सूर्य तीस अंशांवर आलाच समजा. मेअखेरीस जळगावला ही वेळ पावणेपाचच्या आसपास येते. तेव्हा किरणांना दुपारच्या दुप्पट हवा पार करावी लागते. आडव्या ताटलीवर उजेड निम्मा पडतो, म्हणून आलेलं उत्तर दुप्पट करायचं. दोन ताटल्यांतला फरक आता जेमतेम पावणेदोन अंश भरेल. दशांश अंशाचा तापमापक हवा तो इथे.

समजा, दुप्पट करून आणि त्याच दुरुस्त्या लावून ५४० वॅट आले. म्हणजे एका थराची जादा हवा मध्ये आली आणि ८१० चे ५४० झाले, दोन तृतीयांश उरले. हवेचा प्रत्येक थर दोन तृतीयांशच पुढे सोडत असेल, तर पहिल्या थराआधी किती होते? ८१० ला दोन तृतीयांशानं भागा. १,२१५ आले. वातावरणाच्या वर, प्रत्येक चौरस मीटरला १,२१५ वॅट. गच्चीवरून न उठता आपण हवेच्या बाहेरचं ऊन मोजलं.

उपग्रहांनी मोजलेला सरासरी आकडा १,३६१ आहे. आपला कमी भरला, आणि पुइयेचाही कमीच भरला होता. आजच्या एककांत त्याचं उत्तर सुमारे १,२३० वॅट होतं. याचं कारण शिकण्यासारखं आहे. सूर्याच्या उजेडात अनेक रंग आहेत, शिवाय डोळ्यांना न दिसणारे किरणही आहेत, आणि हवा सगळ्यांना सारखी अडवत नाही. काही किरण तर वाफ पहिल्याच थरात जवळजवळ संपवून टाकते. दुसऱ्या थरापाशी ते पोचतच नाहीत, त्यामुळे दोन मोजण्यांच्या तुलनेत त्यांचा पत्ताच लागत नाही. जे दुपारीही नव्हते आणि संध्याकाळीही नव्हते, त्यांचा अंदाज ताटली कसा करणार? सॅम्युअल लँगली या अमेरिकन शास्त्रज्ञानं पुढे हे ओळखलं आणि रंग वेगळे करून प्रत्येकाची मोजणी करायला सुरुवात केली. त्यासाठी त्यानं बोलोमीटर हे नवं उपकरण घडवलं आणि १८८१ मध्ये ते घेऊन कॅलिफोर्नियातल्या माउंट व्हिटनी या उंच डोंगरावर मोहीम नेली, म्हणजे खालची दमट हवा टळावी.

आता शेवटची उडी, आणि तीच सगळ्यात सोपी आहे. सूर्य फक्त आपल्या दिशेनं तळपत नाही. तो चहूबाजूंना सारखाच उजेड फेकतो. सूर्याला मधोमध ठेवून पृथ्वीच्या अंतराएवढ्या त्रिज्येचा एक प्रचंड पोकळ गोल मनात आणा. सूर्यातून निघालेला सगळा उजेड त्या गोलाच्या आतल्या बाजूवर पडतो, आणि प्रत्येक चौरस मीटरला आपण मोजलेले वॅट मिळतात. म्हणून गोलाचं क्षेत्रफळ गुणिले आपला आकडा म्हणजे सूर्याची एकूण शक्ती.

सूर्याचं सरासरी अंतर १४.९६ कोटी किलोमीटर. मेअखेरीस मात्र ते सुमारे १५.१५ कोटी असतं. हो, भुसावळ सर्वांत जास्त भाजतं तेव्हा पृथ्वी सूर्यापासून जवळजवळ सर्वांत लांब असते. जानेवारीत ती सर्वांत जवळ आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर. उन्हाळा अंतरानं येत नाही, सूर्य माथ्यावर येण्यानं आणि दिवस लांबण्यानं येतो. १५.१५ कोटी किलोमीटर त्रिज्येच्या गोलाचं क्षेत्रफळ, चार गुणिले पाय (π) गुणिले त्रिज्येचा वर्ग, म्हणजे २८८ वर एकवीस शून्यं इतके चौरस मीटर. त्याला १,२१५ नं गुणलं की ३५ वर पंचवीस शून्यं एवढे वॅट येतात. २०१५ साली आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेनं ठरवलेला प्रमाण आकडा ३,८२८ वर तेवीस शून्यं, म्हणजे ३८ वर पंचवीस शून्यांहून थोडा जास्त. शाईचं पाणी आणि स्टीलची ताटली घेऊन आपण दहा टक्क्यांच्या आत आलो.

पाणी न तापवताही पडताळा घेता येतो. तारेचा शंभर वॅटचा पिवळा बल्ब अजून मिळतो. तो गालाच्या बाजूला धरून हळूहळू जवळ आणा, डोळे मिटून. दुपारच्या उन्हाइतकीच ऊब गालाला लागते ती बल्बची तार नऊ सेंटिमीटरवर आल्यावर. सूर्य नऊ सेंटिमीटरच्या १,६८,००० कोटी पट लांब आहे आणि तरी तेवढीच ऊब देतो. ऊब अंतराच्या वर्गानं घटते, म्हणून या पटीचा वर्ग करून शंभर वॅटना गुणायचं. उत्तर २८ वर पंचवीस शून्यं येतं. हवेनं खाल्लेला वाटा यात जोडलेला नाही, म्हणून ते कमी आहे.

काही जण गालाऐवजी तेलाचा डाग वापरतात. कागदावर तेलाचा थेंब टाकला की मागून उजेड आला तर डाग उजळ दिसतो, पुढून आला तर काळसर. दोन्हीकडून सारखा उजेड असेल तर डाग नाहीसा होतो. रॉबर्ट बुन्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची ही युक्ती फार देखणी आहे. पण एका बाजूला सूर्य आणि दुसऱ्या बाजूला बल्ब ठेवला तर डाग तार साडेतीन सेंटिमीटरवर आल्याशिवाय विरत नाही. मग सूर्य खऱ्यापेक्षा पाचपट मोठा निघतो. बल्बची बहुतेक वीज न दिसणाऱ्या उष्णतेत जाते, दहाव्या हिश्श्याहूनही कमी उजेड होते. सूर्याच्या ऊर्जेतला चाळीस टक्क्यांहून जास्त भाग डोळ्यांना दिसतो. डोळा तुलना करतो ती दिसणाऱ्या भागाची, आणि आपण लिहितो पूर्ण वॅट. म्हणून या कामात डोळ्यापेक्षा गालावर माझा जास्त विश्वास. सूर्याकडे मात्र कुठल्याही प्रयोगात पाहायचं नाही, काळ्या काचेतूनही नाही.

लहान सोलर पॅनल आणि मल्टिमीटर असेल तर काम आणखी झटपट होतं. पॅनलची दोन टोकं मीटरमधून जोडून येणारा प्रवाह उन्हाच्या प्रमाणात असतो, आणि चौरस मीटरला १,००० वॅट ऊन असताना तो किती असेल ते मागच्या चिठ्ठीवर छापलेलं असतं. साक्री तालुक्यातल्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. तिथल्या पॅनलची क्षमताही याच १,००० वॅटच्या मापानं सांगितलेली असते. तरी मी पाण्यालाच पहिला मान देईन. पॅनलची चिठ्ठी म्हणजे कुणीतरी आधी मोजलेलं ऊन. पाण्याची मोजणी मात्र मुळापासून आपली स्वतःची.

आता या आकड्याचं करायचं काय? दीपनगरच्या वीजकेंद्रात ५०० मेगावॅटचे संच आहेत. सूर्याची बरोबरी करायला असे साडेसात हजार कोटी कोटी संच लागतील. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो या आकड्यानं उभा केलेला प्रश्न. पुइयेची मोजणी हाती आल्यावरच शास्त्रज्ञांना विचारता आलं, की एवढं सरपण येतं कुठून. अख्खा सूर्य दगडी कोळशाचा असता तर या वेगानं तो पाचेक हजार वर्षांत संपला असता. सूर्य स्वतःच्या भारानं आकसत असेल आणि त्यातून उष्णता निघत असेल, तर दोन-तीन कोटी वर्षं निभतात, असं हेल्महोल्ट्झ आणि केल्विन यांचं गणित होतं. खडक वाचणाऱ्या भूवैज्ञानिकांना तेवढाही काळ पुरत नव्हता. हे भांडण विसाव्या शतकात मिटलं. हायड्रोजनचं हेलियम होताना वस्तुमानातला थोडासा अंश ऊर्जा बनतो, आणि तारे त्यावर चालतात. १९३८-३९ मध्ये हान्स बेथं यांनी त्या प्रक्रियेचा हिशोब मांडला.

या हिशोबातली मला सर्वांत चकित करणारी गोष्ट उलट्या बाजूची आहे. सूर्याची शक्ती त्याच्या वजनानं भागून पाहा. सूर्याचं वजन २ वर तीस शून्यं इतके किलो. किलोमागे येतात ०.०००२ वॅट. रावेर-यावलहून केळी भरून निघालेल्या दहा टनी ट्रकमध्ये केळीऐवजी सूर्याचा सरासरी माल भरला, तर त्यातून दोन वॅट निघतील, रात्रीच्या लहानशा दिव्याइतके. चालता-बोलता माणूस किलोमागे सूर्यापेक्षा काही हजार पट जास्त उष्णता देतो. सूर्य तेजस्वी आहे तो अफाट मोठा आहे म्हणून. त्याच्या पोटातली प्रक्रिया विलक्षण संथ आहे. तो सेकंदाला सुमारे ४२ लाख टन वस्तुमान उजेडात घालवतो, तरी ४६० कोटी वर्षांत उजेडापायी त्याच्या वजनातले दहा हजारात तीन भागही गेलेले नाहीत.